१८७३ रायफल तिसऱ्या-चौथ्या बाराला अडकते? काडतूस टेबलावर नको, नळीतून काढून मोजा

लिव्हर, म्हणजे चापाखालची दांडी, खाली जाते, जवळजवळ शेवटपर्यंत जाते आणि तिथे दगडावर आपटल्यासारखी थांबते. वरून पाहिलं तर नुकत्याच उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी अजून आतच, तिरकी बसलेली. टायमर चालू आहे, समोर लोखंडी पाट्या तशाच उभ्या आहेत. लिव्हर पुढेही जात नाही आणि जोर लावायला मन धजत नाही.

हे माझ्या विंचेस्टर १८७३ नमुन्याच्या रायफलीला सलग सात महिने होत होतं. प्रत्येक सामन्यात नाही. दोन सामने सुरळीत जायचे, तिसऱ्यात दोनदा अडकायची. घरी तपासावं तर काही नाही. तीन वेळा मला वाटलं की कारण सापडलं, आणि तिन्ही वेळा ते नव्हतं. खरं कारण कळल्यावर लक्षात आलं की माझ्यासारखे आणखी बरेच जण याच वाटेने चुकत असणार, म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

या खेळाशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. काउबॉय ॲक्शन शूटिंग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झालं. नियम सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीचे, म्हणजे सॅसचे. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीची हत्यारं लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराला घोडा हाताने ओढावा लागतो अशी), पिस्तुलाचंच काडतूस घेणारी लिव्हरची रायफल आणि जुन्या पद्धतीची शॉटगन. पोशाखही त्या काळाचा, आणि प्रत्येकाचं सोसायटीकडे नोंदवलेलं एक टोपणनाव. एका टप्प्यात साधारणपणे रिव्हॉल्व्हरचे दहा बार, रायफलचे दहा आणि शॉटगनचे दोन ते सहा. मोजलं जातं ते घड्याळ. एक बार चुकला की पाच सेकंद वाढतात, पाट्यांचा क्रम चुकला की दहा. मी ॲरिझोनात राहते. फीनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची मोठी रेंज आहे, तिथे दर हिवाळ्यात विंटर रेंज ही राष्ट्रीय स्पर्धा होते.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की ऑलिंपिकची नेमबाजी डोळ्यांसमोर येते. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवलं, तिथे प्रत्येक गोळी हाताने एकेक भरली जाते. गोळी आपोआप पुढे सरकण्याचा प्रश्नच नाही, म्हणून अडकण्याचाही नाही. आमच्या खेळात दहा काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकामागे एक उभी असतात आणि चांगला नेमबाज ती चार-पाच सेकंदांत उडवतो. त्यामुळे इथे निम्मं कौशल्य नेमात असेल तर निम्मं काडतुसात आहे.

रायफल आतून कशी चालते

हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून इथे जरा थांबू.

१८७३ च्या नमुन्यात, आणि त्याआधीच्या १८६६ च्या नमुन्यात व हेन्री रायफलीतही, मध्यभागी पितळेचा एक ठोकळा असतो. त्याला कॅरिअर म्हणतात. विहिरीतल्या पोहऱ्यासारखा तो सरळ वर आणि सरळ खाली जातो. खाली असताना मॅगझिनच्या नळीतलं एक काडतूस स्प्रिंगच्या जोराने मागे सरकून त्याच्या पोटात शिरतं. लिव्हर खाली ओढली की शेवटच्या टप्प्यात ठोकळा ते काडतूस घेऊन वर येतो, आणि लिव्हर मिटताना बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, ते पुढे चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, ढकलतो.

यात दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायच्या.

एक. ठोकळा वर जाताना नळीतलं पुढचं काडतूस जागेवर थोपवून धरणारा वेगळा भाग या यंत्रात नाही. ठोकळ्यातल्या काडतुसाची लांबी हाच अडसर. त्याचं नाक ठोकळ्याच्या पुढच्या तोंडाशी आलेलं असतं आणि मागून येणारं काडतूस त्या नाकाला टेकून नळीतच थांबतं. पहिलं काडतूस आखूड असेल तर दुसऱ्याची कड ठोकळ्यात शिरते. आता ठोकळा वर कसा जाणार? ती कड चौकटीत अडकते. काडतूस फार लांब असेल तर उलटं होतं, त्याचंच नाक नळीत राहतं आणि ठोकळा तसाच अडतो. कड किंचित आत आली तर तिला मागे ढकलायला ठोकळ्याच्या तोंडाला थोडा उतार असतो, पण त्या उताराची सवलत फार थोडी आहे.

दोन. रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा वेगळा भागही इथे नाही. वर येणारा ठोकळाच तिला खालून टोला देऊन उडवतो. म्हणजे ठोकळा अडला की रिकामी पुंगळी आतच राहणार, आणि आपल्याला वाटणार की पुंगळी नीट ओढली गेली नाही.

मी पहिल्यांदा चुकले ती इथेच.

सात महिन्यांत काय काय केलं

डोळ्यांना रिकामी पुंगळी दिसत होती, म्हणून मी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढणारा आकडा, बदलला. जुना तपासला तर धारेला काहीही झालेलं नव्हतं, तरी बदलला. पुढच्या सामन्यात चौथ्या बाराला अडकली.

मग मॅगझिनची स्प्रिंग. एका जाणकाराने सांगितलं होतं की नव्या रायफलींना स्प्रिंग गरजेपेक्षा लांब येते, दहा काडतुसं भरल्यावर ती फार जोराने रेटते. मी थोडी कापली आणि नळी आतून पुसून घेतली. फरक पडला, दीड महिना एकदाही अडकली नाही. मी निर्धास्त झाले. मग एका थंड सकाळी एकाच सामन्यात तीनदा अडकली, तिन्ही वेळा दुसऱ्या ते चौथ्या बाराच्या दरम्यान. जोर कमी केल्याने आजार थोडा दबला होता, गेला नव्हता.

त्यानंतर काडतुसाच्या लांबीकडे वळले. तिथे तर माझी खात्रीच होती. मी मूळची कोल्हापूरची. शिरोलीच्या एमआयडीसीत सहा वर्षं तपासणी विभागात काढली, कॅलिपर हातात धरायला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी काडतुसं घरीच भरते. .३८ स्पेशल, १२५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चपट्या नाकाची शिशाची गोळी, रायफलचं चेंबर .३५७ मॅग्नमचं. या रायफलीत .३८ चालतं, फक्त फार आखूड नको. शंभर काडतुसं मोजली. सगळी १.४७० इंचाच्या दोन-तीन थाऊ इकडेतिकडे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्या वर्कशॉपमध्ये म्हणतात तोच. माझी रायफल १.४५० च्या वर व्यवस्थित चालते हे मी आधीच डमी, म्हणजे दारू नसलेल्या, काडतुसांवर पाहिलं होतं. म्हणजे लांबी बरोबर, आणि रायफल तरी अडकते.

आमच्या पोसीत, म्हणजे माझ्यासोबत नेम मारणाऱ्यांच्या गटात, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. त्या दिवशी रायफल मोकळी करताना ते शेजारी उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं: तू मोजलेली काडतुसं कुठली? मी म्हटलं, घरी डब्यातली. ते म्हणाले, डब्यातली अडकली नाहीत, ही अडकली आहेत. ही मोज.

नळीतून सहा काडतुसं निघाली. ती वेगळ्या पिशवीत घालून घरी आणली आणि मोजली. ठोकळ्याजवळचं १.४३६. त्यामागचं १.४४१. मग १.४४९, १.४५८, आणि टोकाची दोन १.४६६ च्या आसपास. सकाळी सगळी १.४७० ची होती.

गोळ्या पुंगळीत मागे सरकत होत्या, रायफलीच्या आत, सामना चालू असताना.

असं का होतं

१२५ ग्रेनच्या गोळीचं .३८ चं एक काडतूस साधारण १३ ग्रॅमचं. दहाची रांग म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक बाराला रायफल मागे धक्का खाते, रांग नळीत पुढे राहते, मग स्प्रिंग तिला मागे आपटते. ठोकळा खाली आला की पुन्हा सगळी रांग सरकते. हा सगळा मार रांगेत सर्वांत मागे, म्हणजे ठोकळ्याजवळ असलेल्या काडतुसाच्या नाकावर. रांग भरलेली असते तेव्हा वजनही जास्त आणि स्प्रिंगचा रेटाही जास्त. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बाराला अडकते, आणि निम्मी रिकामी झाली की गाडी सुरळीत. घरी दोन-तीन डमी भरून पाहिलं तर काही दिसणार नाही, कारण तिथे ना धक्का आहे ना वजन.

पण नीट भरलेल्या काडतुसाने हा मार सोसायला हवा. माझं का सोसत नव्हतं, तर क्रिम्प रिकाम्या जागी बसत होता.

माझ्या गोळीला कंबरेभोवती एक खाच आहे. पुंगळीचं तोंड त्या खाचेत दाबून मिटायचं, तो क्रिम्प. खाचेत मिटलेलं तोंड गोळीला मागे जाऊ देत नाही. पण या गोळीची खाच अशा जागी आहे की तिथे मिटवलं तर काडतूस १.४४० इंचाचं होतं, म्हणजे माझ्या रायफलीला आखूड. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, आणि मी त्यावर उपाय म्हणून गोळी तीस थाऊ बाहेर ठेवून भरायला लागले होते. कॅलिपरवर लांबी सुंदर येत होती. पण खाच आता पुंगळीच्या तोंडाच्या वर राहिली आणि तोंड गोळीच्या गुळगुळीत अंगावर मिटत होतं. तिथे धरायला काहीच नाही. रांगेने रेटलं की गोळी सरकायची ती थेट खाचेपर्यंत, आणि खाच म्हणजे १.४४०. आकडे पुन्हा पाहा. ठोकळ्याजवळची दोन्ही काडतुसं बरोबर तिथे येऊन थांबली होती.

भरीला पुंगळ्या सरमिसळ होत्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या, कितीदा वापरलेल्या कुणास ठाऊक. .३८ ची पुंगळी जास्तीत जास्त १.१५५ इंच लांब असते. पाच-सात थाऊ आखूड पुंगळी आली की डायने, म्हणजे काडतूस भरायच्या साच्याने, तिचं तोंड पुरेसं मिटतच नाही. म्हणून काही सामने बरे जायचे आणि काही नाही. त्या दिवशी डब्यात कुठल्या पुंगळ्या आल्या, एवढ्यावर ते ठरत होतं.

गोळी मागे सरकणं हा नुसता अडकण्याचा प्रश्न नाही. पुंगळीतली जागा कमी झाली की आतला दाब वाढतो. आमचे बार हलके असतात, नियमाप्रमाणे रायफलीचा वेग १४०० फूट प्रति सेकंदाच्या पुढे नको आणि रिव्हॉल्व्हरचा १००० च्या, त्यामुळे अंगावर बेतलं नाही. तरीही मागे सरकलेलं काडतूस उडवायचं नाही. बाजूला काढा आणि मोडून टाका.

तुमच्या रायफलीत हेच आहे का, ते कसं ओळखायचं

अडकल्यावर निघालेली काडतुसं डब्यात परत टाकू नका. सगळा पुरावा त्यांच्यात आहे. पिशवीत घाला, शक्य असेल तर बाहेर निघालेल्या क्रमाने, आणि घरी मोजा. मूळ लांबीपेक्षा दहा थाऊंहून जास्त कमी भरली तर क्रिम्प धरत नाही. लांबी तीच असेल आणि सगळीच आखूड असतील तर मुळात भरण्यातच चूक आहे. लांबी बरोबर असूनही अडकते तेव्हाच रायफल उघडा.

कितव्या बाराला अडकते हेही लिहून ठेवा. पहिल्या चार-पाचांत अडकत असेल तर संशय लांबीवर. शेवटच्या दोन-तीनांत अडकत असेल तर बहुधा स्प्रिंग थकली आहे किंवा नळीत काजळी साचली आहे, काडतूस ठोकळ्यात पूर्ण मागे पोचत नाही आणि त्याचं नाक नळीत राहतं. बाहेरून दोन्ही वेळा लिव्हर तशीच अडते, म्हणून वही हवीच.

घरच्या तपासणीसाठी डमी करा: दारू नाही, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नाही, पुंगळीला बाजूला भोक पाडलेलं, म्हणजे खरं काडतूस चुकून त्यात मिसळणार नाही. जिवंत काडतुसं घरी रायफलीतून फिरवून पाहायची नाहीत, कधीच नाहीत. एका डमीचं नाक टेबलाच्या कडेवर ठेवून अंगठ्याने जोरात दाबा आणि पुन्हा मोजा. पाच थाऊ जरी सरकलं तरी तो क्रिम्प सामन्यात टिकणार नाही. माझं पहिलं डमी पंधरा थाऊ सरकलं. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि मी ती सात महिने केली नव्हती.

उपाय

सर्वांत सरळ उपाय म्हणजे अशी गोळी घ्या जिची खाच तुमच्या रायफलीला हव्या त्या लांबीला येते. .३८ मध्ये १५८ ग्रेनची गोल अंगाची, चपट्या नाकाची गोळी लांब असते, खाचेत मिटवली तरी बहुतेक वेळा पुरेशी लांबी मिळते. नाक चपटंच हवं. नळीत प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं, तिथे टोकदार गोळी धोक्याची. गोळी शिशाची हवी हे तर नियमातच आहे.

मी दुसरा उपाय निवडला. गोळी तीच ठेवली, पुंगळी .३५७ ची घेतली. ती .३८ पेक्षा १३५ थाऊ लांब. खाचेत पक्कं मिटवलं की काडतूस १.५७५ इंचाचं होतं. .३५७ ची कमाल लांबी १.५९०, म्हणजे आत बसतं आणि ठोकळ्याला हवं तसं भरतं. लिव्हरचा हात लोण्यासारखा झाला, एवढा फरक मला अपेक्षित नव्हता. शिवाय चेंबरमध्ये आखूड पुंगळीपुढे काजळीचं जे कडं साचायचं तेही बंद झालं. दारूचं माप मात्र छापील मॅन्युअलमधून .३५७ च्या हलक्या बारासाठी दिलेलंच घ्यायचं, .३८ चं उचलून नाही. आणि रिव्हॉल्व्हर .३५७ च्या असतील तरच एकच काडतूस दोन्हीकडे वापरता येतं.

ठोकळा बदलून आखूड काडतुसासाठी तयार करून देणारे गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचे कारागीर, आहेत. .४५ च्या रायफलीत त्याहून आखूड पुंगळ्या वापरणारे बरेच जण ते करून घेतात, आणि त्यांना दुसरा मार्गही नाही. .३८ साठी मी तो खर्च करणार नाही. काडतूस सुधारणं स्वस्त आहे आणि रायफल मूळ रूपात राहते.

.४५ कोल्टचा विषय निघालाच आहे तर एक जोड. जाड भिंतीची ती पुंगळी हलक्या बाराला चेंबरमध्ये नीट फुगून बसत नाही, काजळी मागे येते आणि ठोकळा जड चालतो. तो आजार वेगळा, तिथे आधी पुसून पाहा. त्या काळात .४५ कोल्टची लिव्हर रायफल नव्हतीच, पुंगळीची कड फार बारीक होती. १८७३ मुळात .४४-४० साठी बनली, आणि पातळ मानेची ती पुंगळी आजही आतून अगदी स्वच्छ राहते.

तुमची रायफल मार्लिन १८९४ असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथला ठोकळा सरळ वर येत नाही, बिजागरीवर उचलला जातो. वर्षानुवर्षांच्या घासण्याने लिव्हर त्याच्या खालच्या बाजूला चरा पाडते आणि मग दोन काडतुसं एकदम आत शिरतात. तो चरा डोळ्यांना दिसतो. आधी तिथे पाहा, आणि लिव्हरची ती कड गुळगुळीत करून घ्या.

सामन्यात अडकली तर

इथे मला कळकळीने सांगायचं आहे. दुसऱ्या बारानंतर अडकली तर आठ बार शिल्लक, आठ गुणिले पाच म्हणजे चाळीस सेकंद. कुणाचाही हात जोर लावायला जातो, माझाही गेला होता. करू नका. नळी समोरच ठेवा, बोट चापापासून दूर. लिव्हर एकदा हलकेच मिटवून पुन्हा उघडा. नाही हलली तर टायमरवाल्याला सांगा की रायफल बिघडली, आणि तो सांगेल तशी ती द्या किंवा ठेवा. उरलेले बार चुकल्यात धरले जातील, बाकीची हत्यारं वापरून टप्पा पूर्ण करता येतो. रागात रायफल आडवी करून आत डोकावणाऱ्याची नळी १७० अंशांच्या रेषेबाहेर, म्हणजे समोरच्या सुरक्षित हद्दीबाहेर, जाते, आणि मग चाळीस सेकंदांचा प्रश्न उरत नाही, माणूस बाद होतो. अडकलेली रायफल अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीच मोकळी करायची, गाडीत नेऊन नाही.

लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप दाबू न देणारी एक छोटी कळ १८७३ मध्ये असते. अडकण्यावर उपाय शोधताना काही जण हात हलका व्हावा म्हणून तिची स्प्रिंगही कापतात. अडकण्याशी तिचा काही संबंध नाही. अर्धवट मिटलेल्या बोल्टवर बार उडू नये म्हणून ती आहे, तिला हात लावू नका.

.३५७ च्या पुंगळीवर येऊन मला आता अकरा सामने झाले. एकदाच अडकली, सहाव्या बाराला. नळीतली चारही काडतुसं पिशवीत घालून आणली आणि मोजली: १.५७५, १.५७४, १.५७५, १.५७५. मग रायफल उघडली. ठोकळ्याच्या खोबणीत, उजव्या बाजूला, शिशाची एक चपटी कपची बसलेली होती, नखाएवढी.